नवा बेस झणझणतो, गुणगुणतो, सुरात बसत नाही: दुरुस्ती कुठून सुरू करायची

नव्या बेस गिटारची तार झणझणली की हात आधी ब्रिजकडे (बॉडीवर तारा अडकवलेल्या पट्टीकडे) जातो आणि सॅडल, म्हणजे त्यावरचे तारा टेकणारे तुकडे, वर केले जातात. मग तारा उंच वाटू लागतात, म्हणून ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, आतली वाक ठरवणारी सळई) आवळला जातो. त्यामुळे पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) नवीच झणझण सुरू होते, म्हणून सॅडल आणखी वर. शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) बिघडतं, एखाद्या स्क्रूचे कोपरे झिजतात आणि दुकानात नेल्यावर ऐकावं लागतं, "तुम्ही उघडलाय, आता वॉरंटी नाही." मूळ काम कदाचित पाव फेऱ्याचं होतं.

खालचा क्रम चार तारांच्या, ३४ इंच स्केलच्या (वाजणाऱ्या तारेच्या लांबीच्या), फ्रेट असलेल्या बेससाठी आहे. पाच तारांच्या बेसलाही तोच चालतो. टप्पे उलटसुलट करू नका, कारण पुढचं प्रत्येक माप आधीच्या मापावर उभं असतं.

## तयारी: हाताशी काय हवं

सगळे सूर दाखवणारा क्रोमॅटिक ट्यूनर हवा, शक्यतो केबलने जोडायचा किंवा हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाला) चिमटा लावायचा. फोनवरचं ॲप मोकळ्या ई तारेला (सर्वांत जाड, ४१ हर्ट्झ) बऱ्याचदा चकतं. फोनशिवाय काहीच नसेल तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शानं निघणारा वरचा सूर) वाजवून सूर लावा, तो ॲपला पकडता येतो.

फीलर गेजसाठी गिटारच्या दुकानात जायची गरज नाही. टॅपेट सेट करायला गॅरेजवाले वापरतात तेच पात्यांचं गेज कुठल्याही मोटारसायकल स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. त्याशिवाय अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, साधा मल्टिमीटर, एक कापो (तारा फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) आणि खात्रीची दुसरी केबल लागेल. खात्रीची म्हणजे दुसऱ्या वाद्यावर आजच वाजवून पाहिलेली.

ॲलन कीचे दोन संच घ्या, एक मिलिमीटरचा आणि एक इंचाचा. इथे कंजुषी करणाऱ्यांचं नुकसान मी सर्वांत जास्त पाहिलं आहे. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. त्या मापाच्या ट्रस रॉडच्या चाकीत साडेचार मिमीची की फिरते खरी, पण कोपरे खात फिरते. ट्रस रॉडच्या चाकीचे कोपरे गेले की दुरुस्तीचा खर्च स्वस्त बेसच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

तपासा: की खाचेत पूर्ण आत बसते का? हलवली तर खुळखुळते का? खुळखुळली तर ती की चुकीची आहे.

## टप्पा १: खोकं उघडताना

पार्सल ऑनलाइन मागवलं असेल तर चिकटपट्टी कापण्यापासून बेस बाहेर येईपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. बिलावरचा सीरियल नंबर आणि नेकच्या मागच्या बाजूला किंवा प्लेटवर असलेला नंबर जुळवून पाहा. खोकं, थर्माकोल आणि पिशवी परत करण्याची मुदत संपेपर्यंत टाकू नका. खोकं नाही म्हणून परत घेत नाहीत, हा रोजचा वाद आहे.

मग बेस काही तास खोलीत नुसता राहू द्या. कोरड्या गोदामातून निघून जुलैत चिपळूणला पोहोचलेला किंवा दमट बंदरावरून मे महिन्यात नागपूरला गेलेला लाकडी नेक पहिल्या दिवशी एक माप दाखवतो आणि चौथ्या दिवशी दुसरं. तारा ढिल्या करून पाठवल्या असतील तर ई-ए-डी-जी सुरात आणून निदान एक दिवस तशाच ताणावर ठेवा. ताण नसलेल्या नेकचं माप काढण्यात अर्थ नसतो.

## टप्पा २: अँपशिवाय, कागद-पेन घेऊन

या टप्प्यात एकही स्क्रू फिरवायचा नाही.

प्रत्येक तार मोकळी आणि नंतर प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. रोज वाजवता त्याच जोरानं वाजवा. कुठे झणझणते ते लिहून ठेवा, कारण झणझण कुठे आहे यावरूनच तिचं कारण कळतं.

फक्त मोकळी तार झणझणत असेल आणि पहिल्या फ्रेटवर दाबताच साफ होत असेल, तर दोष नटच्या (हेडस्टॉकजवळच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीच्या) बाजूला आहे. मोकळ्या तारेपासून पाचव्या फ्रेटपर्यंत झणझण असेल तर नेक फार सरळ किंवा मागे वाकलेला आहे. बाराव्याच्या पुढेच असेल तर सॅडल खाली आहेत किंवा बॉडीकडचे फ्रेट उंच आहेत. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. जुन्या बँक कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर आडवी ठेवून दाबून पाहा. मधला फ्रेट उंच असेल तर कार्ड झोपाळ्यासारखं डुलेल.

तंबोऱ्याला जवारी मुद्दाम काढतात, बेसला ती नको असते. पण थोडी झणझण बेसच्या अंगातच असते, विशेषतः नव्या राउंडवाउंड (वर गोल तारेचं वेटोळं असलेल्या) तारांत. जी झणझण अँपमधून ऐकू येत नाही तिच्यामागे लागू नका.

आणखी एक फसवणारा प्रकार: आवाज तारेचा नसतोच. खुंटीची सैल चाकी, सॅडलची स्प्रिंग, पिकगार्डचा स्क्रू, ट्रस रॉडचं झाकण, यांपैकी काहीतरी एका ठरावीक सुराला खडखडतं. तो सूर वाजवत एकेका भागावर बोट ठेवा. आवाज थांबला की भाग सापडला.

मग डोळ्यांनी तपासा. ई आणि जी तारांचं फ्रेटबोर्डच्या कडांपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं दिसतं का? जी तार शेवटच्या फ्रेटवर कडेवरून घसरत असेल तर नेक बॉडीच्या खोबणीत तिरका बसला आहे. नेकच्या बुडाशी, हेडस्टॉकच्या मानेला, ब्रिजच्या स्क्रूंभोवती भेगा आहेत का? फ्रेटची टोकं हाताला लागतात का?

घाबरू नका: जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो. बोल्टने जोडलेल्या नेकच्या बेसमध्ये हे सर्रास दिसतं आणि महागड्या बेसलाही सुटत नाही. कितीही सेटअप केला तरी तो जात नाही, त्याच्यासाठी ट्रस रॉड पिळू नका.

## टप्पा ३: अँप लावून

आधी जिवाची काळजी. अँप तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा. दोन पिनांचा अडॅप्टर वापरू नका. अँप चालू असताना तारांना टेस्टर लावला आणि दिवा पेटला, तर वाजवणं तिथेच थांबवा आणि आधी वायरमनला बोलवा.

आता केबल, अँप आणि बेस यांपैकी दोषी कोण ते ठरवा. केबल बदला. दुसरा बेस किंवा गिटार त्याच अँपला लावा. दोन मिनिटांचं काम आहे, तरी नव्या बेसबद्दलच्या तक्रारींतली बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

गुणगुण ऐकू येत असेल तर तिचा स्वभाव पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणून ही गुणगुण जवळजवळ त्या सुरात बसते आणि वाजवताना लपून राहते. हात तारांवर ठेवून ती कमी झाली तर बेसचं ग्राउंड जोडलेलं आहे. तारांना किंवा ब्रिजला हात लावल्यावर ती वाढली तर जॅकवरच्या (केबल खुपसतो त्या भोकावरच्या) दोन वायरी उलट लागल्याची शक्यता मोठी. जॅझ प्रकारच्या (दोन पिकअप, दोन व्हॉल्यूमच्या) बेसवर एक व्हॉल्यूम कमी केला की गुणगुण वाढते आणि दोन्ही पूर्ण उघडले की जाते. हा बिघाड नाही, सिंगल कॉइल पिकअपचा (तारेचं कंपन पकडणाऱ्या एकेरी वेटोळ्याच्या चुंबकाचा) तो धर्मच आहे. फोन, एलईडी ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरपासून लांब उभं राहूनही ऐका.

## टप्पा ४: परत करायचा की ठेवायचा

पेचकस उचलण्याआधी हा निर्णय घ्यायचा. उलट केलं तर निर्णय तुमच्या हातात राहत नाही.

पिळलेला नेक (ई बाजूला एक वाक, जी बाजूला दुसरा), लाकडातली भेग, तीन-चार उंच फ्रेट, मुका पिकअप, खोबणीत तिरका बसलेला नेक, मधल्या रेषेपासून सरकलेला ब्रिज, या गोष्टी दुरुस्त करत बसू नका. परत करा. सॅडल शेवटच्या टोकाला गेलेले असूनही बारावा फ्रेट सुरात नसेल तर तोही परत. याउलट सैल जॅक, खरखरणारा पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग), थोडा जास्त वाक, उंच तारा, सैल स्ट्रॅप बटण यांसाठी बेस परत पाठवलात तर बदली बेसमध्येही बहुधा हेच निघेल.

तक्रार लेखी करा: सीरियल नंबर, झणझणीची टिपणं, फोटो आणि आवाजाचा छोटा व्हिडिओ. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ट्रस रॉड आणि सॅडल फिरवल्यानं वॉरंटीला बाधा येते का, हेही दुकानदाराकडून लेखी विचारून घ्या. अनेक कंपन्या त्याला नेहमीची देखभाल मानतात, पण सोल्डरिंगला मानत नाहीत.

## टप्पा ५: तारा

कारखान्याच्या तारा गंजलेल्या किंवा मंद आवाजाच्या असतील तर पुढची मापं घेण्याआधी बदला. अशा मंद तारेवर इंटोनेशन लावणं फुकट जातं. आधी होती तीच जाडी ठेवा. चार तारांसाठी ४५ ते १०५ (इंचाच्या हजाराव्या भागात) हा नेहमीचा संच. जाडी बदलली की नेकवरचा ताण बदलतो आणि मापं पहिल्यापासून घ्यावी लागतात.

तार कापण्याआधी खुंटीपुढे दहा-बारा सेंटीमीटर सोडून ती काटकोनात वाकवा आणि वाकाच्या पलीकडे कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं सुटू शकतं. वेढे खुंटीवर वरून खाली जाऊ द्या. ए तारेला हे फार महत्त्वाचं. अनेक बेसवर हेडस्टॉकवरची दाबपट्टी फक्त डी आणि जी तारांना असते. ए तार नटमागे जवळजवळ सपाट जाते आणि मोकळी वाजवली की सतारीसारखी झणझणते. लोक नट बदलतात, खरं तर दोन वेढे खाली उतरवले की भागतं.

तारा सुरात आल्यावर प्रत्येक तार सॅडलच्या लगेच पुढे आणि नटच्या लगेच पुढे बोटानं हलकी दाबा. जाड तार तिथे कमानीत उठलेली असते, ती सरळ झाली पाहिजे.

## टप्पा ६: नेकचा वाक

सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश.

बेस वाजवण्याच्या स्थितीत मांडीवर धरा, टेबलावर झोपवू नका. पूर्ण सुरात असताना पहिल्या फ्रेटवर कापो लावा आणि ई तार नेक जिथे बॉडीला भेटतो तिथल्या फ्रेटवर दाबा. आता तार म्हणजे तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची कड यांमधल्या फटीत फीलर गेजचं पातं सरकवा. ०.३ मिमी (०.०१२ इंच) हा सुरुवातीचा चांगला आकडा आहे. ९.५ ते १२ इंच त्रिज्येच्या फ्रेटबोर्डसाठी फेंडरही हाच देतं. पातं तारेला न उचलता नुसतं घासून गेलं पाहिजे.

फट जास्त असेल तर नेक पुढे वाकलेला आहे. चाकी घड्याळाच्या दिशेनं आवळा. फट नसेलच तर उलट दिशेनं सैल करा. दिशा चाकीकडे समोरून पाहून ठरवायची. काही बेसवर चाकी हेडस्टॉकला असते, काहींवर नेकच्या बुडाशी चाकासारखी.

एका वेळी अष्टमांश फेरा, जास्तीत जास्त पाव. आवळण्याआधी तारा थोड्या ढिल्या करा, मग पुन्हा पूर्ण सुरात आणा आणि मोजा. सूर न लावता मोजलेलं माप चुकीचं असतं. नेक लगेच पूर्ण हलत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि मगच पुढचा पाव फेरा द्या.

थांबा: चाकी जोर लावूनही हलत नसेल, कटकट आवाज येत असेल, किंवा पूर्ण सैल होऊनही नेक मागेच वाकलेला असेल, तर पुढे काही करू नका. हा वॉरंटीचा विषय आहे.

आणि एक लक्षात घ्या: ट्रस रॉड तारांची उंची ठरवण्यासाठी नाही. तारा उंच वाटतात म्हणून त्याला हात लावणं ही या लेखामागची मुख्य तक्रार आहे.

## टप्पा ७: तारांची उंची, मग पिकअप

वाक ठीक झाल्यावरच सॅडलकडे या. कापो काढा. सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीनं मोजा. ई आणि ए तारांना साधारण २.४ मिमी, डी आणि जीला २ मिमी ठेवून सुरुवात करा. जोरात वाजवणाऱ्यांना किंवा स्लॅप करणाऱ्यांना (अंगठ्यानं तार आपटून वाजवणाऱ्यांना) थोडी जास्त उंची लागेल. प्रत्येक सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखे फिरवा, नाहीतर सॅडल तिरका उभा राहतो आणि तार बाजूला सरकते. हे स्क्रू नाजूक असतात, काहींना १.५ मिमीची की लागते, काहींना ०.०५० इंचाची, आणि दिसायला दोन्ही सारख्याच.

नटच्या खाचा उंच असतील तर पहिल्या फ्रेटवर बोट दुखतं आणि तिथला सूर चढा येतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर खाच खोल करावी लागते, पण ते घरी करू नका. योग्य जाडीची कानस नसेल तर एका घासण्यात नट वाया जातो.

पिकअप फार वर असतील तर चुंबक तार ओढतात आणि ई तारेचे वरचे सूर थरथरते, दुहेरी ऐकू येतात. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपपासून अडीच-तीन मिमी अंतर ठेवा आणि कानानं ठरवा.

## टप्पा ८: इंटोनेशन

हे सर्वांत शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, बेसच्या बुडाकडे न्या. उतरलेला असेल तर नेककडे आणा. दर बदलानंतर पुन्हा सूर लावा. बोटाचा दाब नेहमीचाच ठेवा, ट्यूनर पाहताना लोक नकळत जोर लावतात.

तपासा: सॅडल ई ते जी असे तिरक्या ओळीत आले का? जाड तारेचा सॅडल सहसा सर्वांत मागे असतो. ई तारेचा पुढे आला असेल तर काहीतरी चुकलं आहे, पुन्हा मोजा.

## टप्पा ९: विजेची बाजू

सोप्याकडून अवघडाकडे जा.

बॅटरी. ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेल्या) बेसचा आवाज फाटका किंवा बारीक येत असेल तर ९ व्होल्टची बॅटरी मोजा. ८ च्या खाली असेल तर बदला. दुकानात महिनोन्‌महिने केबल लावून ठेवलेल्या बेसची बॅटरी नव्यातच संपलेली असते, कारण केबल आत घातली की सर्किट चालू होतं. वाजवून झालं की केबल काढा.

सैल जॅक. केबल हलवली की आवाज तुटतो. नव्या बेसमधला हा सर्वांत जास्त आढळणारा बिघाड, आणि त्यावरची चूकही ठरलेली: बाहेरून चाकी आवळायची. चाकीबरोबर आतला जॅक फिरतो, वायरी पिळल्या जातात आणि तुटतात. केबल काढा, प्लेट उघडा, जॅक आतून धरा, मग चाकी आवळा.

खरखरणारा पॉट. कॉन्टॅक्ट क्लीनरची एक फवारणी पॉटच्या फटीत मारा आणि नॉब वीस-तीसदा पूर्ण फिरवा. गंज सोडवायचा घरातला स्प्रे मारू नका, त्याचं तेल धूळ पकडतं. नॉब सैल असेल तर आधी त्याचा स्क्रू पाहा, तोच सैल असतो.

आवाजच नाही. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस असेल तर बेसला केबल लावा, दुसरं टोक अँपऐवजी मल्टिमीटरला जोडा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि प्लगचं टोक व बाहेरचा भाग यांत ओहम मोजा. एका पिकअपला साधारण ७ ते ११ किलोओहम येतात, दोन एकत्र उघडे असतील तर निम्म्याच्या आसपास. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट, काहीच आलं नाही तर वायर तुटलेली. मग ब्रिज आणि प्लगचा बाहेरचा भाग यांत जोडणी आहे का पाहा. नसेल तर ब्रिजखालची ग्राउंड वायर निसटली आहे. ॲक्टिव्ह बेसला हे ओहमचं माप लागू नाही.

सोल्डरिंग येत असेल आणि वॉरंटीचा प्रश्न नसेल तरच डाग द्या. पॉटच्या पाठीला डाग देताना बारीक टोकाची कमी वॅटची सोल्डरगन बराच वेळ टेकवली तर पॉट आतून जळतो. जाड टोक, पुरेसा ताप आणि दोन-तीन सेकंद. सुटे पॉट आणि जॅक मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत मिळतात. जुना पॉट सोबत न्या, दांड्याची जाडी आणि लांबी जुळली पाहिजे.

## टप्पा १०: किरकोळ कामं

स्ट्रॅप बटण सैल असेल तर स्क्रू काढा, भोकात लाकडी टूथपिकचे तुकडे फेविकॉल लावून बसवा, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू पिळा. नुसता मोठा स्क्रू ठोकून बसवलात तर लाकूड चिरतं.

कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. कानस घेण्याआधी दमटपणा पाहा. ४५ ते ५५ टक्के चांगला. पेटीत ओलावा देणारी पिशवी ठेवून दोन आठवडे थांबा. रोझवूडला तेलाचा पातळ हात चालतो, लॅकर लावलेल्या मेपलला नको.

## कारागिराकडे नेताना

फ्रेट समान करणं, नटची खाच, सैल फ्रेट चिकटवणं, ही कामं त्याची. "नीट करून द्या" असं सांगून बेस टेकवू नका. झणझणीची टिपणं द्या, सध्याचा वाक आणि उंची सांगा, तारांची जाडी आणि तुमचं ट्यूनिंग सांगा, आणि त्याच्यासमोर तुमच्या नेहमीच्या जोरानं वाजवून दाखवा. हलक्या हातासाठी लावलेला बेस जड हाताखाली पुन्हा झणझणणारच. परत घेताना मापं त्याच्याकडून लिहून घ्या आणि तोच कागद पेटीत ठेवा. पावसाळा सुरू झाला की आणि हिवाळा लागला की टप्पा ६ पुन्हा करावा लागेल, तेव्हा तो लागेल.